दोन महिन्यांची सुई

कडू औषध लेकराच्या पोटात कसं पोचवायचं, या कामात अख्ख्या चिखली तालुक्यात माझा हात धरणारा माणूस नाही. बढाई वाटते? वाटू द्या. बसस्टँडच्या रस्त्याला माझं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी, एक कढई आणि वर टीन. पोहे, भजे, आलूबोंडा, चहा. इतक्या वर्षांत माझ्या भज्यांचं कौतुक कोणी केलेलं मी ऐकलं नाही. पण जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर एकदा रांगेतल्या सगळ्या बायांना म्हणाल्या होत्या, "या मामाकडून शिका जरा." त्या दिवशी मी जो फुगलो, तो अजून पुरता उतरलो नाही.

मामा म्हणजे माझ्या भाचीचा मामा. माझी बहीण आणि तिचा नवरा, दोघंही एचआयव्हीनं गेले. तेव्हा फुकटातल्या सरकारी गोळ्यांचं नुसतं नाव ऐकू येत होतं. गोळ्या आल्या, पण बहीण थांबली नाही. मागे राहिली ही पोट्टी, दोन वर्षांची, पाय काड्यांसारखे, डोळे मात्र आईचे. तपासलं तर तिच्याही रक्तात तेच. नातेवाईक म्हणाले, कुठं तरी संस्थेत ठेव. मी म्हणालो, तुम्हीच जा संस्थेत. लग्न करायचं माझं राहून गेलं. लोक म्हणतात भाचीपायी राहिलं. खरं तर माझ्या तोंडापायी राहिलं, पण लोकांचं म्हणणं जरा बरं दिसतं म्हणून मी तेच चालू दिलं.

लिहायला बसलो की मी शाळेतलं मराठी काढतो, एरवी आमचं मले-तुलेच. तर सांगायचं असं, की सुरुवातीला तिला पातळ औषध होतं. बापा रे बापा! ते औषध मी एकदा स्वतः चाखलं. अर्धा दिवस मला चहाची चव कळली नाही, आणि गिऱ्हाइकांना त्या दिवशी काय प्यायला मिळालं ते त्यांचं त्यांना माहीत. आता ते पोराला दिवसातून दोनदा पाजायचं. पहिल्या दिवशी तिनं ते माझ्या शर्टावर थुंकलं. दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडावर. बुद्धपौर्णिमेला मी ते खिरीत घातलं, तर खीरही वाया गेली आणि पुढं दोन वर्षं पोट्टीनं खिरीला हात लावला नाही. केळ्यात घातलं, भातात घातलं, साखरेच्या पाकात घातलं. ती वास घेऊनच ओळखायची आणि ओठ असे मिटायची, की पकडीनंही उघडले नसते.

मग मला युक्ती सुचली. आधी बर्फाचा खडा चोखायला द्यायचा, जीभ बधिर होते. लगेच औषध. आणि ते घशाखाली उतरायच्या आत वरून गूळ आणि शेंगदाण्याचा कूट एकत्र मळून केलेली लाडवी. कूट जिभेला चिकटून बसतो, कडूला वर येऊ देत नाही. जमलं! सिस्टरांनी कौतुक केलं ते याचंच. मी तर डॉक्टरला म्हणणार होतो, की ही लाडवी तुम्ही बाटलीसोबतच देत चला, पण रांग मोठी होती.

पुढं पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या आल्या, मग दिवसाला दोनदा गिळायच्या, आणि मग एक दिवस सिस्टर म्हणाल्या, आता एकच गोळी, दिवसातून एकदा. मी दवाखान्यात टाळ्या वाजवल्या. वेळ ठरली सकाळी आठ. आठ म्हणजे माझ्या हॉटेलात मरणाची गर्दी, पोह्यांचा झारा खाली ठेवायला उसंत नाही. पण आठ म्हणजे आठ. मी झारा टाकून आत जायचो, तिच्या हातात गोळी ठेवायचो, पाणी द्यायचो, "आ कर" म्हणून तोंडात पाहायचो, आणि मगच बाहेर येऊन गिऱ्हाइकाच्या शिव्या खायचो. का एवढं, तर गोळ्या चुकवल्या की ते विषाणू शिकतात. औषधाची त्यांना सवय होते, आणि मग ते औषध त्यांना काही करत नाही. हे मला सिस्टरांनी एकदाच सांगितलं, आणि मी पोट्टीला हजारदा सांगितलं.

पोट्टी मोठी झाली, बी.कॉम. झाली, आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बुलढाण्याला गेली. तीन पोरी मिळून एक खोली. आता तोंडात कसं पाहणार? मी फोन धरला. रोज आठला.

"घेतली काय?"

"हाव, मामा."

"पाणी किती पेली?"

"मामा, गोळी घेतली म्हटलं ना!"

दीड वर्ष असं चाललं. मग वर्षाच्या तपासणीत तिच्या रक्तातले विषाणू वाढलेले निघाले. सिस्टरांनी मला फोन करून बोलावलं. मी म्हणालो, मशीन बिघडलं असेल. सिस्टरांनी पोट्टीकडे पाहिलं. पोट्टी जमिनीकडे पाहत होती. आठवड्यातून दोनदा, तीनदा ती गोळी चुकवत होती, आणि मला "हाव" म्हणत होती.

माझं डोकं फिरलं. दवाखान्याच्या पटांगणातच मी सुरू झालो. "काऊन? काय कमी केलं बे तुले? तुह्या मायले एक गोळी भेटली असती तर ती आज इथं उभी राह्यली असती, आन तू फेकून देतं?" ती रडली. मग मीही रडलो. मग बाजूच्या झाडाखाली बसून आम्ही दोघांनी केळी खाल्ली, कारण परतीच्या बसला वेळ होता. मी विचारलं, खोलीतल्या पोरी विचारतात म्हणून चुकवते का? तिनं मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मी नीट पाहिलंच नाही. मला उत्तर मिळालं असं मी धरून चाललो.

त्याच महिन्यात दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक गोष्ट काढली. चार तासांवरच्या मोठ्या शहरात एका दवाखान्यात नव्या औषधाचा अभ्यास चालू होता. गोळी नाही. सुई. दर दोन महिन्यांनी दोन, एक इकडच्या कुल्ल्यात, एक तिकडच्या. मधले दोन महिने काही नाही. डॉक्टर तरुण होते, सांगताना रंगात आले. म्हणाले, पुढं तर काय काय येणार आहे. वर्षातून दोनदाच घ्यायची सुई, दंडात कातडीखाली बसवायची काडीएवढी सळई, चिकटवायची पट्टी. म्हणाले, आता सगळ्यांना एकच माप नाही, ज्याच्या जगण्याला जे जमेल ते त्याला.

मी म्हणालो, "म्हणजे आमच्या हॉटेलावानी. कोणाले कट चहा, कोणाले बिनसाखरेचा."

डॉक्टर म्हणाले, "अगदी."

पट्टीचं मात्र मी तिथंच बाद केलं. म्हटलं, साहेब, बुलढाण्यातला तुमचा उन्हाळा पाह्यला का? मे महिन्यात आमच्या अंगावर बनियान टिकत नाही, पट्टी कायची टिकते. ते हसले. पोट्टी पण हसली, आणि मग तिनं एकदम विचारलं, "सुई मले भेटन काय?"

तिचा आवाज ऐकून मी तिच्याकडे वळून पाहिलं. एवढं मन लावून तिनं आजवर मला काही मागितलं नव्हतं, सायकलसुद्धा नाही.

पण अट होती. सुई त्यालाच मिळणार, ज्याच्या रक्तातला विषाणू गोळ्यांनी आधी पुरता दबलेला आहे. म्हणजे गोळी सोडायची असेल तर आधी गोळी खाऊन दाखवा. मी म्हणालो, ही तर आमच्या तहसीलची रीत झाली. पण नशीब एवढं, की जुनी गोळी अजून लागू पडत होती. त्या विषाणूंनी अजून पुरतं शिकून घेतलं नव्हतं. सहा महिने मिळाले.

ते सहा महिने पोट्टीनं एकही गोळी चुकवली नाही. मी मात्र फोन एकाचे दोन केले, आठला एक आणि खात्रीसाठी सव्वाआठला दुसरा. रक्त तपासलं. विषाणू सापडले नाहीत. दवाखान्यातून बाहेर येताना मी रिक्षावाल्यालासुद्धा पेढा दिला. तो म्हणाला, पास झाली का पोरगी? मी म्हणालो, हो.

पहिल्या महिन्याच्या दोन सुया झाल्या. ताप नाही, काही नाही. एका महिन्यानं पुन्हा दोन झाल्या, आणि त्यानंतर दर दोन महिन्यांनी घ्यायच्या होत्या. त्या दुसऱ्या खेपेचीच ही गोष्ट आहे, आणि यात मी शहाणा दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसऱ्या खेपेला ती एकटीच शहरात गेली आणि परत बुलढाण्याला न जाता माझ्याकडे आली, कारण अंग दुखत होतं. चार तास बसमध्ये त्याच जागेवर बसून आलेली. आली ती पालथीच पडली. अंगात कणकण होती. आता आमच्याकडे सुई टोचली की पुढं काय करायचं, हे कोणाला शिकवावं लागत नाही. शेक द्यायचा आणि चोळायचं. ज्या सुईची गाठ राहिली ती सुई बाधली, असं आमच्या इकडे शेंबडं पोरही सांगेल. पण तरण्या पोरीला मामा कसा चोळणार? म्हणून मी मावशीला हाक मारली.

मावशी म्हणजे माझ्या हॉटेलात भजे तळणारी बाई. नात्यानं कोणी नाही, पण पोट्टी तिच्याच मांडीवर वाढली. हिवरा आश्रमाकडची. तिकडच्या मोठमोठ्या पंगतींना कणीक मळून मळून तिचे हात असे झालेत, की नारळ फोडायला तिला दगड लागत नाही. तिला आजाराचं मी कधी सांगितलं नव्हतं. रक्त कमी आहे, एवढंच सांगायचो. त्या दिवशी म्हणालो, "ताकदीची सुई घेतली हो पोट्टीनं, दुखून राह्यलं."

मावशीनं हात लावून पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "दोन्हीकडं गाठी हायेत रे! कोण्या मेल्यानं टोचली?"

पोट्टी तापाच्या गुंगीत म्हणाली, "नको मावशी, राहू दे."

मावशी म्हणाली, "नको म्हणणाऱ्यालेच जास्त गरज राहते."

मी दाराबाहेरून म्हणालो, "बराबर हाये."

भट्टीतून मी दोन विटा काढल्या, फडक्यात गुंडाळून आत दिल्या. वर तीळतेल कोमट करून दिलं. मावशीनं एक तास शेकलं, एक तास चोळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, आणि संध्याकाळी पुन्हा. पोट्टी उशीत तोंड खुपसून काहीबाही बोलत होती, ते आम्ही दुखण्याचं बोलणं समजलो. तिसऱ्या दिवशी मावशी हात पुसत बाहेर आली आणि परीक्षेत पहिली आल्यासारखी म्हणाली, "मोडल्या! दोन्ही गाठी मोडल्या."

मी तिला स्वतःच्या हातानं चहा केला.

दुपारी पोट्टीच्या फोनवर शहरातल्या दवाखान्याचा फोन आला. ती आंघोळीला गेली होती, म्हणून मी घेतला. तिकडून बाईनं गोड आवाजात विचारलं, काही त्रास? ताप? सुईच्या जागी गाठ वगैरे? मी छाती पुढं काढून सांगितलं, "होत्या ना, दोन होत्या. आम्ही मोडून टाकल्या. विटेनं शेकल्या आन चोळून चोळून पार साफ केल्या. आता पाहायले नाही भेटत."

त्या बाईनं मला ते पुन्हा सांगायला लावलं. मी विटांसकट पुन्हा सांगितलं.

मग त्या म्हणाल्या, "काका, त्या गाठी म्हणजेच औषध होतं."

दोन महिन्यांचं औषध एका जागी साठवून ठेवायचं, आणि ते तिथून थेंबाथेंबानं रक्तात उतरत राहणार, अशी ती सगळी करामत. जगभरच्या हुशार लोकांनी वर्षं घालवली, ते औषध एका जागी गप बसवायला. आणि आम्ही मामा-मावशीनं मिळून ते तीन दिवसांत कणकेसारखं मळून काढलं. "शेकू नये, चोळू नये," असं मराठीत छापलेला कागद तिच्या बॅगेत होता. मी नंतर पाहिला. अक्षरं चांगली ठसठशीत होती.

पोट्टी आंघोळीहून आली. माझा चेहरा पाहून तिनं फोन हातातून घेतला, ऐकलं, "हो, येते" म्हणाली, आणि ठेवला. मग माझ्याकडे वळली. "म्या म्हटलं होतं ना नको! तीन दिवस म्हणून राह्यली नको, नको, औषध हाये ते! कोणी ऐकलं काय?"

"आम्हाले वाटलं..."

"तुमाले नेहमीच वाटते!"

आत जाऊन तिनं दार लावलं. औषध एकदम रक्तात उतरलं तर आधी जास्त, आणि पुढं दोन महिने पुरणार नाही. कमी पडलेल्या औषधात विषाणू डोकं वर काढणार आणि शिकणार. म्हणजे जी गोष्ट टाळायला मी हजारदा घसा फोडला होता, ती मीच दोन विटा तापवून घडवून आणली होती, आणि या खेपेला ते शिकले तर सुईही जाणार, आणि उद्या गोळीही लागू पडेलच याचा भरवसा नाही. मी बाकड्यावर बसलो. एक गिऱ्हाईक म्हणालं, मालक, तेल जळून राह्यलं. मी म्हणालो, जळू दे.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहरात गेलो. मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या, केस पिकलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि मला वाटलं आता चामडी सोलतील. पण त्या हसू दाबत होत्या, मी पाहिलं. म्हणाल्या, कदाचित काही बिघडलं नसेल, पण रक्तात औषध किती आहे ते पाहावं लागेल. रिपोर्ट आठवड्यानं. तोवर खबरदारी म्हणून रोज गोळ्या. त्यांनी डबी पुढं केली. पोट्टीनं ती घेतली आणि तिचं तोंड असं उतरलं, की मला खाली पाहावं लागलं.

तो आठवडा पोट्टी चिखलीतच राहिली आणि माझ्याशी बोलली नाही. बोलायचं ते मावशीमार्फत. मी समोर दोन हातांवर बसलेलो, आणि ही म्हणायची, "मावशी, त्याले सांग, चहा गार होऊन राह्यला." मावशी मला सांगायची, "चहा गार होऊन राह्यला म्हणते." मी म्हणायचो, "तिले सांग, मले दिसते." असं सात दिवस. गिऱ्हाइकांची चांगली करमणूक झाली.

मावशीला काहीतरी बिनसलंय हे कळत होतं. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, ताकदीच्या सुईपायी एवढा रुसवा कायले? मी काही थाप मारायच्या आत पोट्टीनं बेसन कालवता कालवता सांगून टाकलं. एचआयव्ही हाये मले मावशी, मायपासून. ती सुई त्याची होती. मी दुकानाची दारं ओढून घ्यायला उठलो, जणू काही गाव आत घुसणार होतं. मावशीनं हातातला झारा खाली ठेवला, पोट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि माझ्यावरच खेकसली, "मंग आधी सांगता नाही येत? हात हलका ठेवला असता म्या!"

बस. एवढंच. पुन्हा भजे सोडायला लागली. वीस वर्षं मी जे लपवलं, त्याचं तिनं एवढंच केलं. मात्र जाताना ती पोट्टीच्या डोक्यावर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली. मी दुसरीकडे पाहिलं.

आठव्या दिवशी रिपोर्ट घ्यायला गेलो. बाहेरच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो होतो, मध्ये तिची पर्स. मी मनात म्हणत होतो, काहीही कर, पण माझ्या हातानं नको. बहिणीच्या वेळी माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. आता औषध आहे, आणि ते मीच सांडलं असं होऊ नये. डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. कागद पाहिला. म्हणाल्या, औषध थोडं घाईनं उतरलंय, पण पुरेसं आहे. विषाणू नाही. गोळ्या बंद करा, पुढची सुई ठरल्या तारखेला.

मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि तुम्ही, मामा..."

मी म्हणालो, "वीट भट्टीतून काढणारच नाही, म्याडम. घराचं बांधकाम निघालं तरी नाही."

परतीच्या बसमध्ये पोट्टी खिडकीशी बसली. जालना गेलं. मग तीच बोलली, आणि थेट माझ्याशी.

"मामा, मी गोळ्या काऊन चुकवत होती, तुले सांगू?"

"रूममधल्या पोरी विचारतात म्हणून."

"पोरींचं काही नाही. त्याहिले म्या कवाचंच सांगितलं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुह्या फोनपायी."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

ती म्हणाली, "मी सकाळी उठतो, चांगली राहतो. अभ्यासाचं डोक्यात असते, कपडे धुवायचे राहतात, पोरी हसवून राह्यल्या असतात. मंग आठ वाजते, फोन वाजते, आन मले आठवते का मी बिमार हाये. रोज. गोळी काही कडू नव्हती मामा. फोन आला का गोळी हातातच घेऊ नये असं वाटे. सुई घेतल्यावर वाटलं, आता सुटली. तर तू सुईनंतरही रोज आठले फोन करतंच."

ते खरं होतं. गोळी बंद झाल्यावरही मी फोन थांबवला नव्हता. विचारायला काही उरलं नव्हतं, तर "सुईची तारीख ध्यानात हाये ना" असं विचारायचो.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. चांगलाच आला. "मंग काय मरू द्यायचं होतं तुले?" मी ओरडलो. कंडक्टरनं मागे वळून पाहिलं.

"तू होता म्हणून मी हाये," ती हळूच म्हणाली. "हे मले ठाऊक नाही काय? पण मामा, तुहा आवाज ऐकला का मले आधी बिमारी आठवते. तू मंग आठवतं. मले ते नाही पाहिजे."

मी तिची पर्स उचलून माझ्या मांडीवर घेतली. देऊळगाव राजा आलं, गेलं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, लहानपणी झोपायची तशी, तोंड उघडं टाकून. मी चिखलीपर्यंत हललो नाही.

दुसऱ्या दिवशी ती बुलढाण्याला गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजले. हात आपोआप फोनकडे गेला. मी तो परत कढईकडे आणला. सव्वाआठला पुन्हा गेला. मी मावशीला म्हणालो, माझा फोन तुझ्याजवळ ठेव, मागितला तरी देऊ नको. साडेआठला मी मागितला. तिनं दिला नाही. त्या दिवशीच्या पोह्यात दोनदा मीठ पडलं आणि एका माणसानं पोह्याची प्लेट परत केली. मी त्याच्याशी भांडलोसुद्धा नाही. दुसरा दिवस तसाच. तिसरा त्याहून वाईट. मला सारखं वाटत होतं, बहिणीनं सोपवलेली राखण सोडून मी कुठं तरी निघून गेलोय.

पाचव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला फोन वाजला. पोट्टीचा. मावशीनं तो माझ्याकडे फेकलाच. ताप आला असेल, गाठ पिकली असेल, काय असेल.

"मामा, भज्याच्या बेसनात सोडा किती घालायचा? रूमवर करून राह्यलो, कडकच होऊन राह्यले."

"चिमूटभर," मी म्हणालो. "आन आधी तेल तापव, मंग त्याच तेलातलं पळीभर बेसनात टाक."

"किती तापवू?"

"थेंब टाकला का लगेच वर आला पाहिजे."

मागे पोरींचा गोंधळ चालला होता. कोणीतरी "तुझ्या मामाले इकडंच बोलाव" असं ओरडलं, आणि पोट्टी खदखदून हसली. "ठेवतो मामा, तेल जळून राह्यलं," म्हणाली, आणि ठेवला.

तिच्या-माझ्या जन्मातला हा पहिला फोन, ज्यात औषधाचं नाव निघालं नाही. मी गल्ल्यावर बसलो आणि भर दुपारी, भर गिऱ्हाइकांत ढसाढसा रडलो. मावशीनं विचारलं काय झालं, तर मी तिला सांगितलं, "पोट्टीचे भजे कडक होऊन राह्यले."